केराचा हिशेब : चाकणच्या किल्ल्यापासून देहूच्या खड्ड्यापर्यंत

चाकणचा किल्ला म्हटला की फिरंगोजी नरसाळ्याचे नाव ओठांवर येते. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेशी मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने झुंजणारा हा किल्लेदार आपल्या मुलांना शाळेतच भेटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाला विचारावयाचे प्रश्न केवळ तोफांचे आणि तहांचे नसतात. तटाच्या आत माणसे राहत होती, चुली पेटत होत्या, जनावरे बांधलेली होती. मग त्यांचा रोजचा केर कोठे जात होता? पाणी घाण होऊ नये म्हणून कोणती काळजी घेतली जात होती? हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुद्र वाटेल. तथापि ज्या मुलखात आपण राहतो, त्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मुलखाचे आजचे सर्वांत मोठे दुखणे या क्षुद्र प्रश्नाशीच निगडित आहे, म्हणून तो विचारण्याचे आम्ही धाडस करीत आहोत.

सुदैवाने मराठी राज्यातील दुर्गांपुरते या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे प्रकरण आहे. तटबंदी, दारूगोळा, हवालदार-सबनीस यांच्या गंभीर चर्चेत अमात्य मध्येच केराकडे वळतात. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटालगत केरकचरा पडू देऊ नये, एवढे सांगून ते थांबत नाहीत. झाडून काढलेला केर गडाखाली लोटून देण्यास त्यांची मनाई आहे. तो जागच्या जागी जाळावा, त्याची राख घरोघरच्या परसात टाकावी आणि तिच्यावर भाजीपाला करावा, अशी त्यांची आज्ञा आहे.

या छोट्या आज्ञेत राज्यकर्त्याचा विवेक किती आहे पाहा. गडावरून केर खाली लोटणे ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट होती. कडा हाताशी, आणि खाली पडलेले वर दिसणारही नाही. पण खाली गडकऱ्यांचेच पाणवठे, त्यांचीच गावे. अमात्यांना हे कळत होते की, नजरेआड झालेला केर नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडतो. यासाठी त्यांनी खजिन्यातून एक पैही खर्ची घातलेली नाही. एक झाडू, एक काडी आणि परसातले चार वाफे, एवढ्यावर काम भागविले आहे. अर्थात त्या काळचा केर म्हणजे पाचोळा, काटक्या, चिंध्या, शेण. प्लॅस्टिक त्यात नव्हते. त्यामुळे आज्ञापत्राचा आधार घेऊन आज कोणी कोपऱ्यावर कचरा पेटवील, तर तो अमात्यांची आज्ञा पाळीत नसून शेजाऱ्याच्या फुप्फुसात विष घालीत आहे, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. घ्यावयाचे ते तत्त्व: ज्याचा केर त्याने आपल्या हद्दीत मार्गी लावावा, आणि शक्य तर त्यातून काही पिकवावे.

बळजबरीची स्वच्छता

स्वस्त आणि सोप्या उपायांचा इतिहास सांगताना त्याच्या उलट बाजूचाही उल्लेख केला पाहिजे. तो उल्लेख आपल्याला चिंचवडला घेऊन जातो.

१८९६ मध्ये मुंबईत आणि त्यापाठोपाठ पुण्यात ग्रंथिक संनिपाताची, म्हणजे प्लेगची साथ आली. ती आवरण्यासाठी १८९७ च्या फेब्रुवारीत रँडसाहेबाची नेमणूक झाली. गोरे सोजीर घरांत शिरू लागले. सामान रस्त्यावर फेकले जाऊ लागले. देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध उरला नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, ते चिंचवडच्या चापेकर बंधूंच्या गावात सांगण्याची गरज नाही. तो सारा इतिहास देशभक्तीचा म्हणून आपण वाचतो. पण आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीनेही त्यात एक धडा आहे. सरकारचा हेतू साथ आटोक्यात आणण्याचा होता हे घटकाभर मान्य केले, तरी ज्यांचे घर स्वच्छ करावयाचे त्यांना विश्वासात न घेता केलेली स्वच्छता लोकांना साथीपेक्षाही भयंकर वाटली.

त्यात आणखी एक दैवदुर्विलास असा की, ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना रोगाचे कारणही पुरते ठाऊक नव्हते. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य होण्यास पुढे आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे पलंग आणि पेट्या रस्त्यावर फेकल्या जात होत्या, तेव्हा सांडलेले धान्य झाडून काढणे, कणगी झाकून ठेवणे आणि उकिरडा घरापासून दूर नेणे हे घरातल्या बाईच्या हातचे उपाय अधिक उपयोगी पडले असते. मात्र ते तिला कोणी समजावून सांगितले नाहीत.

समजावून सांगण्याचे हे काम पुढे महाराष्ट्रात ज्यांनी केले, त्यांत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) नाव पहिले घेतले पाहिजे. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडावे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहावे, हा त्यांचा क्रम. ज्याने सकाळी आपली गटार उपसली, त्याचे बोलणे रात्री लोक ऐकणारच! उपदेशाआधी हात मळविण्याची ही परंपरा ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

‘सोपा संडास’ आणि त्यामागील धर्म

स्वस्त म्हणजे काय? ज्याला पैसे कमी पडतात ते, असे आपण व्यवहारात म्हणतो. हा अर्थ किती फसवा आहे, हे शहरांतील जुन्या टोपलीच्या संडासांवरून कळते. घरमालकाला ते फार स्वस्त पडत. खाली एक टोपली किंवा डबा, मागच्या बोळाला एक झडप, संपले. उरलेला खर्च दुसराच माणूस भरीत असे, आणि तो पैशांत नव्हे तर आपल्या डोक्यावरून मैल्याची पाटी वाहून, आपल्या लेकराबाळांच्या आरोग्याने आणि अप्रतिष्ठेने भरीत असे. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली ती या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेला बंदी करणारा कायदा मात्र १९९३ मध्ये झाला, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. ज्या सोयीची खरी किंमत दुसरा चुकवितो ती स्वस्त नसते, हे समजण्यास समाजाला इतका अवधी लागला.

हे ज्यांना फार आधी समजले होते, असे एक गृहस्थ कोकणात होते. सीताराम पुरुषोत्तम उर्फ आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१). १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. तुरुंगातील भंगीकाम विशिष्ट जातींच्या कैद्यांकडूनच करून घेण्याचा रिवाज होता. आप्पासाहेब जन्माने ब्राह्मण. त्यांनी ते काम स्वतःसाठी मागितले; अधिकाऱ्यांनी ते नाकारले; तेव्हा त्यांनी अन्नावर मर्यादा घालून घेतली. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून त्याच वर्षी ३ डिसेंबरला उपोषण सुरू केले आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर लगोलग सोडले. मैला साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण! जगाच्या इतिहासात हक्कांसाठी पुष्कळ लढे झाले, पण असा हक्क मागणारा सत्याग्रही विरळा.

तथापि आप्पासाहेबांचे मोठेपण केवळ या त्यागात नाही. एका जातीचे काम दुसऱ्या जातीच्या माणसाने केले म्हणून पाटी हलकी होत नाही, हे त्यांना दिसत होते. पाटीच नाहीशी झाली पाहिजे, आणि ती नाहीशी करणारी रचना खेड्यातल्या गरिबालाही परवडली पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. कणकवलीजवळ १९४८ मध्ये स्थापन केलेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचे आणि सोनखताचे प्रयोग चालविले. त्यातून जी पद्धत आली तिला त्यांनी नाव दिले ‘सोपा संडास’.

या कुळातील दोन खड्ड्यांच्या संडासाची रचना आज सर्वत्र मान्य झाली आहे. ती सांगतो, कारण तिच्यातले शहाणपण तपशिलात आहे. बसण्याचे भांडे तीव्र उताराचे असते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते स्वच्छ होते. भांड्याखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी सतत राहते. त्याने दुर्गंधी आणि माश्या दोन्ही अडतात. पुढे नळी दुभंगून दोन खड्ड्यांकडे जाते. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवावयाचा. खड्ड्याच्या भिंतींत विटा मोकळ्या फटी ठेवून रचलेल्या असतात. पाणी आणि वायू त्या फटींतून मातीत मुरतात. दोन-तीन वर्षांत एक खड्डा भरला की नळीचे तोंड दुसऱ्याकडे वळवावयाचे. पहिला झाकून ठेवला म्हणजे वर्ष-दीड वर्षात मातीतील जिवाणू आपले काम पुरे करतात. झाकण काढले की हाती येते ती भुसभुशीत, वास नसलेली काळी माती. ती काढावयास कोणा जातीचा माणूस लागत नाही. घरचा धनी फावड्याने काढतो आणि शेतात टाकतो. विहिरीपासून पुरेसे अंतर ठेवावे आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या वर असावा, एवढी पथ्ये पाळली की झाले.

इंदूरला सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण आणि माती यांच्या थरांतून खत करण्याची जी पद्धत शास्त्रीय कसोटीवर सिद्ध केली, तिचाही मतितार्थ हाच: कुजणे म्हणजे नाश नव्हे, कुजणे हे मातीचे अन्न शिजविणे आहे. आप्पासाहेबांनी त्या शास्त्राला समतेची जोड दिली.

देहूचा डॉक्टर

आता आपण आपल्या मुलखात परत येऊ. पिंपरीच्या माळावर १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्वतंत्र भारताच्या सरकारने काढलेला औषधांचा हा पहिला कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. रोगावर मात करणारे द्रव्य आपल्या गावात तयार होते, याचा त्या पिढीला अभिमान वाटला यात नवल नाही.

त्याच सुमारास, १९६० च्या आसपास, तेथून काही कोसांवर तुकोबांच्या देहूला प्राथमिक आरोग्य केंद्रात सुहास विठ्ठल मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. गावात संडास जवळजवळ नव्हतेच. लोक नदीकाठी, ओढ्याला, वाटेच्या कडेला बसत. जुलाब, आव, जंत यांनी बेजार झालेले रोगी दवाखान्यात येत, औषध घेत, बरे होत आणि थोड्याच दिवसांत त्याच तक्रारी घेऊन परत येत. औषधाची बाटली रोगाला घराबाहेर काढीत होती आणि इंद्रायणीचे पाणी त्याला पुन्हा घरात आणीत होते. देहू हे यात्रेचे गाव. फाल्गुनात बीजेला आणि ज्येष्ठात पालखीच्या प्रस्थानाला येथे जनसागर लोटतो. तेव्हा येथील घाण ही एका गावाची घाण राहत नाही, हेही उघडच होते.

डॉक्टरांनी औषधाच्या आधी संडासाचा विचार करावयाचे ठरविले. आरंभ सोपा नव्हता. पहिल्यांदा सरकारी नमुन्याबरहुकूम बांधलेले संडास पावसाळ्यात ढासळले, अशी हकीकत सांगितली जाते. ज्या गावाला आधीच ही उठाठेव पटलेली नव्हती, त्या गावात अशा वेळी डॉक्टरांची किती शोभा झाली असेल, याची कल्पना करता येते. दुसरा एखादा अधिकारी बदलीचा अर्ज करून मोकळा झाला असता. डॉ. मापुसकर आप्पासाहेब पटवर्धनांकडे गेले. गोपुरीची पद्धत त्यांनी समजून घेतली, देहूच्या मातीला आणि पावसाला मानवेल अशी केली, आणि घर धरून घर, वर्ष धरून वर्ष ते काम करीत राहिले. पुढे मैल्यापासून जळणाचा वायू देणाऱ्या संयंत्राची त्यांनी सुधारलेली रचना ‘मलप्रभा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मलातून प्रभा! आपल्या भाषेत इतके अर्थपूर्ण नाव क्वचितच एखाद्या यंत्राला मिळाले असेल.

या वायूची कल्पनाही आपल्याला परकी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्याच्या वायूचा उपयोग दिव्यांसाठी करण्यात आला होता. ज्या वर्षी पुण्यात स्वच्छतेच्या नावाने घरे उद्ध्वस्त होत होती, त्याच वर्षी समाजाने वाळीत टाकलेल्या रोग्यांच्या आश्रमात घाणीतून उजेड निघत होता. इतिहास कधी कधी अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो आणि काही न बोलता पुढे जातो.

डॉ. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. परंतु आमच्या मते त्यांच्या कामाचे खरे मोल पदकापेक्षा त्या दीर्घ काळात आहे. एक मनुष्य एका गावात अर्धशतकाहून अधिक काळ एकाच गोष्टीच्या मागे राहतो. खड्डा खणावयास दोन दिवस पुरतात. तो वापरण्याची सवय लागण्यास एक पिढी लागते. स्वस्त उपायांची किंमत पैशांत नसते म्हणून ती नसतेच असे नव्हे. ती धीराने चुकवावी लागते.

नगर वाढले, पाणी तेवढेच

देहूला खड्डे खणले जात होते त्याच काळात शेजारी एक नगर उभे राहत होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर कारखान्यांची धुराडी दिसू लागली. १९७० मध्ये या गावांची मिळून नगरपालिका झाली; १९८२ मध्ये ती महानगरपालिका झाली. १९९१ च्या शिरगणतीत सुमारे ५ लाख १७ हजार असलेली वस्ती २००१ मध्ये १० लाख १२ हजारांवर गेली आणि २०११ मध्ये १७ लाख २७ हजार झाली. वीस वर्षांत तिपटीहून अधिक! कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणचीही हीच गत. मोटारींचे कारखाने आले, शेतांच्या बांधांवर कामगारांच्या खोल्या उठल्या, आणि चाकणला नगर परिषद मिळाली ती २०१५ मध्ये. भोवतालच्या गावांत माणसे आधी आली, गटारे मागाहून. कित्येक ठिकाणी ती वस्तीला गाठू शकलेली नाहीत.

येथे नद्यांचा भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. पवना चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळून वाहते आणि दापोडीला मुळेस मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेत जाते. इंद्रायणी देहू-आळंदी करून तुळापूरला भीमेस मिळते. भीमा उजनीच्या धरणातून पंढरपुरास जाते आणि तेथे चंद्रभागा म्हणवते. म्हणजे आपल्या नगराचे सारे पाणी शेवटी पंढरपूरच्या वाटेला लागते. वारकरी वर्षातून एकदा आषाढात जातो, आपले सांडपाणी बारा महिने वारी करते! आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत असल्याची छायाचित्रे गेल्या काही वर्षांत आपण सर्वांनी पाहिली आहेत. पवनेवर दरसाल जलपर्णी पसरते, तीही सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसलेली असते.

ही स्थिती घरातल्या बादल्यांनी सुधारेल असे आम्ही म्हणत नाही. कारखान्याचे रसायनी पाणी कारखान्याने शुद्ध केले पाहिजे आणि शहराचे मैलापाणी महापालिकेने. त्यासाठी १९७० पासून महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रणाचे मंडळ आहे, १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे, आणि तो पाळून घेणे हे नागरिकांचे कर्तव्य आहे. नागरिकांनी झाडू हाती घ्यावा आणि मोठ्या अपराध्यांकडे पाहू नये, असा उपदेश कोणी करील तर तो ढोंगीपणा होईल. पण उलट बाजूने, मोठे अपराधी सुधारेपर्यंत आम्ही काहीच करणार नाही, असे म्हणणेही तितकेच सोयीचे आणि तितकेच खोटे आहे. कारण शहराच्या मैलापाण्याचा थेंब न् थेंब कोणत्या तरी घरातूनच निघतो.

पाण्याचेही तसेच. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून बंद नळाने शहराला पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी बऊर येथे आंदोलन केले. गोळीबार झाला, आणि तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या योजनेच्या गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु आपल्या नळाला येणारे पाणी कोणाच्या तरी शेताजवळून येते, ही जाणीव त्या दिवसानंतर तरी आपणांस असली पाहिजे. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात एक दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्या जाणिवेला व्यवहाराचीही जोड मिळाली. आता साधा हिशेब करू. जुन्या पद्धतीची टाकी एका वेळी दहा लिटर पाणी सोडते. उताराच्या भांड्याला दोन लिटर पुरतात. पाच माणसांच्या घरात दिवसाला दहा वेळा धरले, तर रोज ऐंशी लिटर आणि वर्षाला २९,२०० लिटर पाणी वाचते. ज्यांना भांडे बदलणे शक्य नाही, त्यांनी टाकीत पाण्याने भरलेली एक बाटली उभी करून ठेवावी. बाटलीएवढे पाणी दर वेळी वाचेल. याला खर्च शून्य.

घरोघर करावयाचे

अशा आणखी काही गोष्टी इतिहासाच्या ओघातच सांगता येतील.

पहिली ओल्या केराची. आपल्या घरांतील केराचा निम्म्याहून अधिक भाग भाजीची देठे, साली, खरकटे असा ओला असतो. मोशीच्या कचराडेपोवर २०२३ मध्ये कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पण ओले लाकूड चुलीत धूर करते हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिला हेही कळेल की ओला केर जाळण्यात पुष्कळशी उष्णता त्यातले पाणी उडविण्यातच खर्ची पडते. तो केर घरीच कुजविणे हा शहाणपणाचा मार्ग. तळाला भोके असलेली एक कुंडी किंवा जुनी बादली घ्यावी. तळाशी वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या. त्यावर रोजची देठे-साली बारीक करून. त्यावर पुन्हा मूठ-दोन मुठी वाळका पाला. आरंभी थोडे शेणकाल्याचे पाणी किंवा आंबट ताक शिंपडले की जिवाणूंचे विरजण लागते. ओल इतकी असावी की मुठीत दाबले असता पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा ढवळावे. वास आला तर पाणी अधिक झाले असे समजून वाळका पाला वाढवावा. दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. सोसायटीच्या आवारातील पाला झाडून पेटवून देणाऱ्यांनी तो या कामासाठी राखून ठेवावा. ज्यांना खतापेक्षा जळण हवे, त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे लहान वायुसंयंत्र तयार केले. शेणाच्या संयंत्रापेक्षा त्याला जागाही कमी लागते आणि वेळही.

दुसरी सुक्या केराची. कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या स्त्रियांनी डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्यात आपली पंचायत उभारली आणि २००८ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक केर वेगळा देणे नागरिकांवर बंधनकारक केले. पण नियम बाजूला ठेवून विचार करा: खरकट्यात मिसळलेली काच कोणाच्या तरी हातात जाते. वेगळा केर देण्यास दुसरी एक बादली लागते, एवढाच खर्च. तो आपण केला नाही तर त्याची भरपाई त्या बाईचे बोट करते. टोपलीच्या संडासाचा न्याय येथेही तंतोतंत लागू पडतो. वापरलेली पाती, फुटलेले दिवे, सॅनिटरी पॅड हे कागदात गुंडाळून, खूण करून निराळे द्यावे, ही त्यातलीच माणुसकी.

तिसरी गोष्ट उत्सवाची. मोरया गोसावींच्या गावात गणपतीविषयी जपून बोलावे लागते, परंतु भक्तीत आणि नदीच्या हितात विरोध नाही. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विरघळते आणि ती माती पुढल्या वर्षी तुळशीला घालता येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र पाण्यात नुसती पडून राहते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तिच्यावर उपाय काढला. बेकरीत वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या वजनाइतके बादलीभर पाण्यात घालून त्यात मूर्ती ठेवली की दोन-तीन दिवसांत ती विरते. तळाशी खडूसारखा साका उरतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे झाडांचे खत. निर्मल्य नदीत सोडण्याऐवजी वर सांगितलेल्या कुंडीत घातले, तर देवाला वाहिलेले फूल पुन्हा फुलाच्याच मुळाशी जाते.

चौथी गोष्ट साबणाची आणि तेलाची. कपडे धुण्याची पूड आपण डोळ्यांच्या अंदाजाने, बहुधा हवी त्याहून दुप्पट घालतो. फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक, हा भ्रम आहे. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. ते नळ्यांत थिजते आणि गटार तुंबविते. कागदाने टिपून मग भांडे धुवावे. यात पैशांची उलट बचतच आहे.

या सर्व उपायांना एक समान खूण आहे. ते आपल्या हातचे आहेत, त्यांचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर पडत नाही, आणि जे टाकावयाचे होते ते उपयोगाचे होऊन परत येते. रामचंद्रपंतांची राख, आप्पासाहेबांचे सोनखत, मापुसकरांचा वायू यांत तीच खूण दिसते. याउलट एखादी सोय फार स्वस्त वाटली की आपण थांबून विचारावे: हिची उरलेली किंमत कोण देत आहे? मावळचा शेतकरी, कचरा वेचणारी बाई, की पंढरपुरास चंद्रभागेत बुडी मारणारा वारकरी?

चाकणच्या तटाची पडझड आता पुष्कळ झाली आहे. त्याच्या भोवती मोटारींचे कारखाने आहेत, कारखान्यांच्या भोवती खोल्या आहेत, आणि खोल्यांच्या मागे उघडी गटारे ओढ्याकडे वाहत आहेत. १९६० च्या सुमारास देहूच्या दवाखान्यात जो प्रश्न उभा होता, तोच आज तेथे उभा आहे. फरक इतकाच की त्याचे उत्तर आता शोधावयाचे राहिलेले नाही. ते काही कोसांवर, इंद्रायणीच्या काठी, एका डॉक्टरने लोकांच्या घरामागे खणून ठेवले आहे. ज्यांच्या खोल्यांतून भाडे येते त्या मालकांनी, ज्यांच्याकडे मजूर कामाला येतात त्या कारखानदारांनी आणि ज्यांच्या हाती कर जमा होतो त्या ग्रामपंचायतींनी ते उत्तर आपल्या गावात नेले पाहिजे. आणि ज्यांच्याकडे भाडे, कारखाना किंवा पंचायत यांपैकी काहीच नाही, त्या आपल्यासारख्यांनी निदान उद्या सकाळी घरात दुसरी बादली ठेवावी.